हातचं आणि पळतं

अ‍ॅडम ऑस्बर्न यांनी १९८१ च्या एप्रिलमध्ये जगापुढे मांडलेला संगणक सोबत नेता येणारा होता खरा, पण नेणाऱ्याचा हात भरून यायचा. वजन अकरा किलोच्या आसपास. बंद केला की शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसायचा. उघडला की पेटीचं झाकणच कीबोर्ड व्हायचं. आत दोन बाजूंना फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह आणि मधोमध ५ इंचांचा पडदा. त्यावर एका ओळीत ५२ अक्षरं मावायची. ओळ त्याहून लांब असेल तर मजकूर आडवा सरकवत वाचायचा. आत बॅटरी नव्हती. म्हणजे न्यायचा कुठेही, चालवायचा मात्र प्लगपाशीच. किंमत १,७९५ डॉलर. पण त्यातच लिहिण्यासाठी वर्डस्टार आणि हिशेबासाठी सुपरकॅल्क मिळायचं, आणि सोबतची ही सॉफ्टवेअर सुटी घेतली असती तर जवळपास तेवढेच पैसे पडले असते. लोकांनी हिशेब केला आणि रांगा लावल्या. भर बहरात कंपनी महिन्याला दहा हजारांच्या घरात नग विकत होती.

या गृहस्थांचं आपल्याशी एक नातंही आहे. जन्म बँकॉकचा, बालपण तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैचं. वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि त्यांचे चरित्रकार. शेवटची वर्षंही मुलाने दक्षिण भारतातच काढली. २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांचं निधन झालं. अपरिग्रहाच्या छायेत वाढलेल्या या माणसाचं नाव बाजाराच्या इतिहासात राहिलं, ते मात्र हावेच्या एका दुखण्याला.

झालं असं की १९८३ च्या सुरुवातीला ऑस्बर्न यांनी पुढच्या यंत्राची, ‘एक्झिक्युटिव्ह’ची वाच्यता केली. पडदा मोठा, ओळीत ८० अक्षरं. पत्रकारांना ते आधीच दाखवण्यात आलं. मग दुकानदार म्हणाले, नवं येतंय ना, मग जुनं कशाला भरून ठेवायचं? मागण्या रद्द झाल्या, गोदामात माल पडून राहिला, पैशांची आवक आटली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हापासून उद्याच्या मालाच्या चर्चेने आजचा माल मरतो, या प्रकाराला ‘ऑस्बर्न इफेक्ट’ म्हणतात आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवतात.

ही गोष्ट इतकी नेटकी आहे की संशय यावा. तो घेणारेही आहेत. त्याच किमतीत ९ इंचांचा पडदा देणारा केप्रो १९८२ मध्येच आला होता. आयबीएमशी जुळणारा कॉम्पॅकचा पोर्टेबल १९८३ मध्ये दुकानांत पोचला होता, आणि बाजार झपाट्याने आयबीएमच्या बाजूला कलत होता. कंपनीच्या हिशेबातही गोंधळ होता. म्हणजे ऑस्बर्न निव्वळ घोषणेने बुडाले, असं म्हणता येत नाही. तरीही उद्योगाने धडा घेतला तो गोष्टीवरून, तपशिलावरून नव्हे. अफवेबद्दलची सर्वांत गाजलेली शिकवण स्वतःच अर्धी अफवा आहे आणि तिचं काहीच अडलेलं नाही!

मला म्हणायचं आहे ते असं: न आलेल्या यंत्राची चर्चा फुकट नसते. तिची किंमत कुणीतरी मोजतोच. ऑस्बर्न यांच्या बाबतीत ती बोलणाऱ्यानेच मोजली, म्हणून ती आपल्याला दिसली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत बोलणारे शहाणे झाले. आता श्रेय त्यांच्या पदरात आधी पडतं आणि किंमत दुसऱ्याच्या माथी जाते. कुठल्याही नव्या टॅबलेटची, फोनची, लॅपटॉपची कुजबुज कानावर आली की ती खरी की खोटी हा प्रश्न दुय्यम मानावा. पहिला प्रश्न असा की हिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो आहे?

आगाऊ घोषणा हे हत्यार म्हणून वापरता येतं, हे ऑस्बर्न यांच्याही आधी ठाऊक होतं. १९६४ मध्ये कंट्रोल डेटा कंपनीने ६६०० हा तेव्हाचा सर्वांत वेगवान संगणक आणला. आयबीएमने त्याच वर्षी आपल्या सिस्टिम ३६० मालिकेत त्याच्या तोडीचं यंत्र येणार असल्याचं जाहीर केलं. यंत्र तयार नव्हतं. ते ग्राहकांच्या हाती पडायला १९६७ उजाडलं. पण मधल्या काळात खरेदीदार थांबले. प्रतिस्पर्ध्याच्या हातातली खरी वस्तू कागदावरच्या वस्तूपुढे फिकी पडली. कंट्रोल डेटाने १९६८ मध्ये खटला भरला आणि १९७३ मध्ये तडजोड झाली. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज जाहीर केलं नोव्हेंबर १९८३ मध्ये आणि दिलं नोव्हेंबर १९८५ मध्ये. बलाढ्य कंपनी आगाऊ बोलली की दुसऱ्याचा माल अडतो आणि दुबळी बोलली की स्वतःचा. ऑस्बर्न इफेक्टचा हा उरलेला अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

कागदावरचं यंत्र खऱ्या यंत्राला दरवेळी हरवतं, याचं कारण अगदी साधं आहे. त्याची बॅटरी कधी संपत नाही, ते गरम होत नाही, पडून फुटत नाही, आणि त्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी ‘पार्ट मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगत नाही. शिवाय ते प्रत्येकासाठी वेगळं असतं. खरं यंत्र एकच असतं. अफवेतली यंत्रं ऐकणाऱ्यांइतकी असतात.

हे सर्वांत ठसठशीत दिसलं ते आयपॅडच्या वेळी. अ‍ॅपलचा टॅबलेट येणार ही वदंता अनेक वर्षं फिरत होती. २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी एका जाहीर मुलाखतीत, टॅबलेट काढायचा विचार नाही, लोकांना कीबोर्ड लागतो, असं सांगून टाकलं होतं. त्याने वदंता थांबली नाही. जॉब्ज नाही म्हणतात म्हणजे नक्की करताहेत, असा उलटा अर्थ काढणारेही होतेच. २००९ च्या अखेरीस तर नावंही ठरली होती: कोणी आयस्लेट म्हणे, कोणी आयटॅबलेट. वृत्तपत्रांचे मालक आपला बुडता धंदा तो तारेल म्हणून वाट पाहत होते. प्रकाशकांना अ‍ॅमेझॉनच्या किंडलला वेसण घालणारा कुणी हवा होता. डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेपाशी नेता येईल अशी पाटी हवी होती, शाळांना पाठ्यपुस्तकांच्या ओझ्यावर उतारा. कुणाच्याही हातात वस्तू नव्हती आणि प्रत्येकाने तिचा संसार मांडला होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण जणू याच महिन्यांसाठी रचलेली. जानेवारी २०१० मध्ये एका अमेरिकी गॉसिप संकेतस्थळाने तर बक्षीसच लावलं: जाहीर होण्याआधी तो टॅबलेट तासभर हाताळायला आणून द्या आणि १ लाख डॉलर घेऊन जा. अ‍ॅपलच्या वकिलांची नोटीस लगोलग पोचली. नोटिशीने अफवेला जेवढं वजन मिळालं, तेवढं कुठल्या जाहिरातीने मिळालं असतं का?

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत यंत्र आलं. त्या कार्यक्रमातला एक क्षण नीट पाहण्यासारखा आहे. तज्ज्ञांच्या मते याची किंमत हजार डॉलरच्या आत, म्हणजे ९९९ डॉलर असणार, असं जॉब्ज यांनी सांगितलं. मागच्या पडद्यावर ९९९ हा आकडा झळकला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग तो खाली कोसळला आणि त्याच्या जागी ४९९ आला. टाळ्या पडल्या. ९९९ ही किंमत कंपनीने कधीच जाहीर केलेली नव्हती. ती अफवेची होती. पण तिच्यामुळे हजार डॉलरची वस्तू निम्म्या किमतीत मिळाल्याचं समाधान खरेदीच्या आधीच मिळालं. ज्या कंपनीने स्वतः चकार शब्द काढला नाही, तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी फुकट राबून किमतीची पायरी बांधून ठेवली होती. ऑस्बर्न बोलून बुडाले असतील, तर अ‍ॅपल गप्प बसून तरली. गुप्तता आणि अफवा यांना आपण एकमेकींच्या वैरिणी समजतो, पण त्या एकाच घरात नांदतात. दार घट्ट लावलं की फटीपाशी गर्दी होते.

आणि तरीही पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. कॅमेरा नाही, यूएसबी नाही, फ्लॅश चालत नाही, नावही कसलं! वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसानंतर जॉब्ज यांच्याकडे आलेल्या सुमारे आठशे ईमेलचा उल्लेख आहे. त्यांतल्या बहुतेक तक्रारीच्या होत्या आणि त्यांनी जॉब्ज खिन्न झाले होते. ३ एप्रिलला विक्री सुरू झाली आणि महिनाभरात दहा लाख नग खपले. म्हणजे निराशा वस्तूमुळे आलेली नव्हती. प्रत्येकाच्या मनातली स्वतःची वस्तू त्या दिवशी वारली होती.

आता या कुजबुजीचं एक पद्धतशीर कारखानदारीत रूपांतर झालं आहे. कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधी लागतात, तिथून आकार फुटतो. पुरवठादाराच्या साखळीतून पडद्याचा आणि कॅमेऱ्याचा तपशील गळतो. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणी यादीत एखादा मॉडेल क्रमांक दिसला की तासाभरात ‘भारतात लवकरच’ अशी बातमी तयार. बातमी देणाऱ्याला क्लिक मिळतात, कंपनीला फुकट प्रसिद्धी मिळते, वाचकाला आतल्या गोटात असल्याचं सुख मिळतं. आणि याला पैशांचीही बाजू आहे. १६ मे २००७ रोजी, पहिला आयफोन दुकानांत यायच्या दीड महिना आधी, तो ऑक्टोबरपर्यंत लांबल्याची बातमी एन्गॅजेट या संकेतस्थळाने दिली. आधार होता कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना गेलेल्या एका ईमेलचा, आणि ती ईमेल बनावट होती. खुलासा लगेच झाला. पण तेवढ्या काही मिनिटांत अ‍ॅपलचं बाजारमूल्य सुमारे ४०० कोटी डॉलरनी घसरून पुन्हा चढलं. त्या घसरणीत घाबरून ज्यांनी शेअर विकले, त्यांना खुलाशाचा काय उपयोग?

इथवरची कथा बाजाराची. तिच्यातला ग्राहक निदान आपल्या खिशातले पैसे घालवतो. आपल्या देशात या नाटकाचा नायक बऱ्याचदा सरकार असतं आणि तिथे किंमत मोजणारा रंगमंचावर दिसतही नाही.

२००९ च्या जानेवारीत जगभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली: भारत दहा डॉलरचा लॅपटॉप आणतो आहे. दहा डॉलर म्हणजे तेव्हाचे पाचशे रुपये. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपाँटे यांचा गरीब देशांतल्या मुलांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप शंभरात बसला नव्हता. तो १८८ डॉलरच्या आसपास गेला होता. त्या पार्श्वभूमीवर पाचशे रुपयांचा आकडा चमत्कारच होता. ३ फेब्रुवारीला तिरुपतीत केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाचा सोहळा झाला आणि पेटीतून निघालं ते माहिती साठवण्याचं एक उपकरण. पडदा नाही, कीबोर्ड नाही. शैक्षणिक मजकूर त्यात भरायचा आणि ते संगणकाला जोडायचं. म्हणजे संगणक ज्याच्याकडे आहे, त्याच्याच कामाचं. त्याच सोहळ्यात सुरू झालेला राष्ट्रीय उपक्रम, महाविद्यालयांना इंटरनेटने जोडण्याचा आणि अभ्यासाचा मजकूर तयार करण्याचा, हे खरं काम होतं. त्यातून पुढे बरंच काही उभंही राहिलं. पण त्या दिवशी त्याकडे कुणी पाहिलं नाही. न आलेल्या लॅपटॉपने आलेल्या कामाची बातमी खाल्ली.

हसं होऊनही धडा घेतला गेला नाही. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅबलेटचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ या नावाने तो दिल्लीत प्रकट झाला. सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. पडदा ७ इंचांचा, पण दाबाने चालणारा: बोट फिरवून भागत नसे, नखाने टोचल्यासारखं दाबावं लागे. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. पानं उघडता उघडता यंत्र थबकायचं. ते बनवणारी डेटाविंड ही कंपनी आणि काम सोपवलेली राजस्थानातली आयआयटी यांच्यात चाचणीच्या निकषांवरून वाद झाले. प्रकल्प पवईच्या आयआयटीकडे आला. तिथे सुधारित आकाश २ तयार झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. पवईतल्या मंडळींनी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांपर्यंत यंत्र पोचवून त्यांच्याकडून ते वापरून घेण्याची खटपट केली, ती खरोखर उपयोगाची होती. पण तिला अनावरणाचा सोहळा नसतो. तोवर चार-पाच हजारांचे टॅबलेट कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळू लागले होते. आकाश ४ चे तपशीलही ठरले आणि मग प्रकल्पाचं नाव हळूहळू कागदांतून ओसरलं.

घोषणेपासून ओसरण्यापर्यंतच्या त्या चार-पाच वर्षांत एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेने संगणक मागितला असेल, एखाद्या महाविद्यालयाने बंद पडलेल्या प्रयोगशाळेसाठी निधी मागितला असेल. ‘आता टॅबलेटच येणार आहेत’ हे वाक्य अशा वेळी किती सोयीचं! फाइल नाकारायची गरज नाही, फक्त थांबवायची. अपेक्षेचं हे सर्वांत घातक काम आहे. वाट पाहायला लावलेल्या माणसाला आपल्याला काही नाकारलं गेलं आहे, हे कळतसुद्धा नाही.

नेग्रोपाँटे यांच्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला होता. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रं मुलांच्या हाती पडली. मुलं रमली, हे तिथून आलेल्या छायाचित्रांत दिसतं. या लॅपटॉपची पहिली झलक नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसला जगाने पाहिली होती. त्याला वीज तयार करायचं एक हँडल होतं. कोफी अन्नान ते फिरवायला गेले आणि ते निखळलं, असं तिथे हजर असलेल्यांनी नंतर लिहिलं आहे. विकायला आलेल्या यंत्रात ते हँडल नव्हतंच. पण जगाच्या स्मरणात हँडलवालाच लॅपटॉप राहिला. वाडीतल्या शाळेपुढचे प्रश्न निराळे असतात: वीज किती तास येते, चार्जर बिघडला तर कोणाकडे न्यायचा, एकटा शिक्षक चार इयत्ता सांभाळून हे कधी शिकवणार, मराठीत त्यावर वाचायला काय आहे. या प्रश्नांची कधी अफवा होत नाही. ‘शंभर डॉलर’ या दोन शब्दांची मात्र जगभर झाली.

खासगी बाजाराने स्वस्त आकड्याचा हाच प्रयोग थट्टेच्या पातळीवर नेला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये. नोएडातल्या एका कंपनीने २५१ रुपयांचा स्मार्टफोन जाहीर केला. संकेतस्थळ गर्दीने कोसळलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार सात कोटींवर नोंदण्या झाल्या. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाखाली झाकलेलं निघालं, आणि नखाने खरवडलं की ते दिसत होतं. फोनचे सुटे भागही २५१ रुपयांत येत नाहीत, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण त्याला कुणी विचारलं नाही, कारण अपेक्षेच्या काळात हिशेब विचारणारा अपशकुनी ठरतो.

माझ्या या टीकेला उत्तरं आहेत आणि ती कमअस्सल नाहीत. पहिलं असं की वाट पाहणं हा शहाणपणाच आहे. संगणकाची किंमत उतरते, ताकद वाढते. सहा महिने थांबलं तर त्याच पैशांत चांगलं मिळतं. खरं आहे. पण हे शहाणपण ज्याच्या हातात आधीच एक चालू यंत्र आहे त्याला परवडतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा मुलगा नव्या मॉडेलसाठी दिवाळीपर्यंत थांबतो, तेव्हा त्याचं एक सत्र मित्राच्या लॅपटॉपवर आणि कॅफेत जातं. त्याला खरा सल्ला द्यायचा तर तो असा: कॉर्पोरेट लॉटमधला जुना लॅपटॉप बघ, बॅटरी बॅकअप स्वतः तपासून घे, एसएसडी आणि रॅम टाकून घे आणि कामाला लाग. हा सल्ला देणारा दुकानदार भेटतो. अशी बातमी मात्र क्वचित दिसते, कारण जुन्या यंत्रात उत्कंठा नसते.

दुसरं उत्तर अधिक वजनदार आहे. कंपन्या गुप्ततेच्या भिंती बांधतात; त्या भिंतींना भोक पाडणारा पत्रकार हा ग्राहकाचा मित्र आहे. २००५ मध्ये अ‍ॅपलने ‘थिंक सीक्रेट’ हे एका विद्यार्थ्याने चालवलेलं संकेतस्थळ न्यायालयात खेचलं आणि तडजोडीत ते बंद झालं. दुसऱ्या एका प्रकरणात मात्र कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये निर्वाळा दिला की ऑनलाइन लिहिणाऱ्यांनाही आपला बातमीचा स्रोत गुप्त ठेवण्याचा पत्रकाराचा हक्क आहे. हा निकाल योग्यच होता. माझा आक्षेप हक्काला नाही. तो कशावर खर्च होतो याला आहे. ज्या वर्षी जग आयपॅडच्या कॅमेऱ्याची चर्चा करत होतं, त्याच २०१० मध्ये शेन्झेनच्या फॉक्सकॉन कारखान्यात कामगारांच्या आत्महत्यांची मालिका घडली. मे २०११ मध्ये चेंगडूला आयपॅड २ बनवणाऱ्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट होऊन कामगार मेले. यंत्राची जाडी किती मिलिमीटर हे बाहेर येण्याआधीच शोधून काढणारी नजर, ती जाडी घासून कमी करणाऱ्या हाताकडे वळायला एवढा वेळ का लागावा? भिंतीला भोक पाडायचंच, तर पलीकडे शोरूमच का पाहायची?

तिसरं उत्तर स्वप्नांचं आहे. स्वप्नं पाहिली नाहीत तर नवं काही घडणारच नाही. बरोबर. संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी १९६८ पासून मुलांनी काखेत घेऊन फिरावं अशा ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली आणि पुठ्ठ्याचा नमुना करून दाखवला. ते यंत्र तसंच्या तसं कधी बनलं नाही, पण नंतरच्या कितीतरी यंत्रांवर त्याची छाया आहे. नेग्रोपाँटे यांचा आकडा चुकला, तरी स्वस्त छोट्या लॅपटॉपना बाजार आहे हे त्यांच्यामुळे इतर कंपन्यांना पटलं आणि नेटबुकची लाट आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांचा सिंप्युटर हा हातात मावणारा संगणक विक्रीत पडला. पण यंत्र तिरकं केलं की पान उलटावं ही सोय त्याच्या २००४ च्या आवृत्तीत होती, आयफोनच्या तीन वर्षं आधी. मग फरक कुठे आहे? के यांनी पुठ्ठ्याला पुठ्ठाच म्हटलं. त्यांनी तारीख दिली नाही, आगाऊ पैसे घेतले नाहीत, कुणाची फाइल थांबवली नाही. ज्यात अजून किती काम बाकी आहे हे उघड सांगितलेलं असतं, ते स्वप्न. ज्यात काम झाल्याचा आव असतो आणि पावती फाडून दिली जाते, तो सौदा. आणि सौद्याला सौद्याचेच नियम लावायला हवेत.

ते नियम अवघड नाहीत. कंपनी आगाऊ पैसे घेत असेल, तर मालाची तारीख लेखी द्यावी आणि ती चुकली की न मागता पैसे परत करावेत. बातमीदाराने ‘लवकरच’ लिहिताना आधार यादीतल्या एका क्रमांकाचा आहे की आणखी कशाचा, हे त्याच वाक्यात सांगावं. मंत्र्याने यंत्र उंचावून दाखवलं, तर ते कोणत्या शाळेत कोणत्या महिन्यात पोचेल, दुरुस्ती कोण करेल आणि तोवर चालू संगणक कक्षांचा निधी थांबणार नाही ना, हे त्याच मंचावर विचारलं जावं. आणि तीन वर्षांनी, वाटलेल्या यंत्रांपैकी किती चालू आहेत याची मोजणी त्याच खात्याने छापावी.

आपल्यासारख्या वाचकांच्या हाती एवढंच आहे की टाळी कधी वाजवायची ते आपण ठरवावं. आज ती अनावरणाला वाजते, म्हणून अनावरणं होतात. दुरुस्त करून पुन्हा चालू केलेल्या एखाद्या संगणक कक्षाची बातमी आपण वाचू लागलो, तिच्यावर बोलू लागलो, तर कंपनीला आणि खात्यालाही तिथे वेळ घालवणं फायद्याचं वाटेल. पळत्याच्या पाठी धावणाऱ्यांना लोक हसतात. हसायचंच असेल, तर ज्यांच्या हातचं आपण त्या धावण्यात सोडायला लावलं त्यांची भरपाई आधी करू.